हर्रास सुरू होईपर्यंत

कळमन्याच्या मिरची यार्डात मार्च महिन्यात शेतकऱ्याजवळ दोन गोष्टी भरपूर असतात, मिरची आणि वेळ. रात्री गाड्या लागतात, उजाडेपर्यंत पोती उतरतात, ढेर लागतात. मग हर्रासाची, म्हणजे लिलावाची, मंडळी आपल्या ढेराशी येईस्तोवर नाकाला दुपट्टा बांधून बसायचं. या जागेचं कागदावरचं नाव पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड, पण बोलण्यात सगळ्यांचं कळमनाच. भिवापूर, कुही, मौदा, उमरेडची मिरची इथे येते, आंध्र-तेलंगणातले ट्रकही येतात, आणि नवखा माणूस आत शिरला की पहिली दहा मिनिटं नुसता ठसकतो. इथल्या लोकांना ठसका लागत नाही असं नाही. ते ठसकत ठसकतच बोलतात.

बोलणं आधी भावाचं. भाव बरा नसला की ते लवकर संपतं, आणि 2025 च्या त्या मार्चमध्ये बरा नव्हता. मग राजकारण, मग सिनेमा. 14 फेब्रुवारीला ‘छावा’ लागला होता आणि यार्डात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. ज्यांनी पाहिला ते सांगत होते, ज्यांनी नाही पाहिला तेही सांगत होते. मी वर्षाची मिरची घ्यायला गेलो होतो, आणि ओळखीच्या अडत्याच्या दुकानापुढे बाकावर बसून जे ऐकलं ते मात्र ‘छावा’वरून सुरू होऊन भलतीकडेच गेलं.

बोलणारे दोघं. एक मामा, कुही तालुक्यातले, थोडी मिरची, थोडा कापूस, थोडा धान. दुसरी त्यांची भाची, बी.कॉम. झालेली, त्याच दुकानात कॉम्प्युटरवर हिशोबपट्ट्या काढणारी. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण विषय स्थळांचा आहे.

‘स्थळ’ हा सिनेमा 7 मार्चला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी लागला होता. जयंत सोमलकर हे चंद्रपूर जिल्ह्याचे दिग्दर्शक. त्यांनी तो आपल्याच गावात, डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. टोरांटोच्या महोत्सवात 2023 साली त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला. गोष्ट एवढीच की सविता नावाची बी.ए. करणारी पोरगी आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि बापाला तिचं लग्न करायचं आहे. पाहुणे येतात, पोरीला बसवतात, नाव-शिक्षण-उंची-आवड विचारतात, जातात. पुन्हा दुसरे येतात.

माझी समजूत अशी होती की भाचीला ‘स्थळ’ आवडला असणार आणि मामाला ‘छावा’. झालं उलटं.

मामा : तुह्या त्या छाव्यात मले झोप आली व बाई. आवाज एवढा, तरी झोप आली. स्थळ पाह्यला पोराबरोबर, त्यात डोळा लागला नाई.

भाची : मामाजी, तुम्ही एकटेच असाल बाप्पा नागपुरात, ज्याला छावामध्ये झोप आली. आमच्या शोला शेवटी लोक हुंदके देऊन रडून राहिले होते. मी पण रडली.

मामा : रडली ना? मंग बाहेर येऊन काय केलं?

भाची : पाणीपुरी खाल्ली. काय करणार?

मामा : थेच म्हनतो मी.

भाची : अन् तुम्ही स्थळ पाहून बाहेर आले तर काय केलं? मोर्चा काढला?

मामा काही बोलले नाहीत. एक मिरची उचलून मोडली, बिया पाहिल्या, टाकून दिली. स्वतःच्याच मालाची ही तपासणी शेतकरी दिवसभर करत असतो, त्याला अर्थ नसतो.

भाची : मी तर इंटरव्हललाच उठली स्थळमधून.

मामा : अर्धा पाह्यला अन् मत देतेस?

भाची : उरलेला अर्धा मला माहीत आहे. घरी चालू आहे.

इथे बाकावरचा तिसरा एक माणूस हसला. भाची हसली नाही. दोन वर्षांपासून तिला स्थळं येत होती, पुढच्या रविवारी एक यायचं होतं, आणि ते मामांनीच आणलं होतं. हे मला नंतर कळलं. बोलणं चालू असताना कळलं असतं तर मी कदाचित चहाच्या निमित्ताने उठलो असतो.

मामा : मले का आवडला सांगतो. त्यात बाप खरा आहे. कापसाच्या भावावर ज्याचं लग्न अडते तो बाप मी दुसऱ्या कोन्या सिनेमात पाह्यला नाई. यंदा सरकारनं लांब धाग्याले 7521 हमीभाव देल्ला. व्यापारी किती देते? सीसीआयच्या केंद्रावर ओल मोजून परत पाठवते. आता पोरीचं लग्न तारखेवर करा का भावावर करा? हा हिशोब मुंबईच्या मानसाले सुचत नाई. ज्यानं कापूस इकला त्यालेच सुचते.

भाची : बाप खरा आहे, मान्य.

मामा : अन् बोली. थ्या लोकायनं बोलाले सुरुवात केली अन् मी आजूबाजूले पाह्यलं, कोनी हसते का. आपली बोली पडद्यावर आली का लोकं आधी हसते. विनोदासाठीच आहे म्हनते ना थे.

यात तथ्य आहे. वऱ्हाडी म्हटलं की टीव्हीने महाराष्ट्राला ‘चला हवा येऊ द्या’तले भारत गणेशपुरे दाखवले. ते अमरावतीकडचे, बोली त्यांच्या घरचीच, आणि त्यांनी ती मोठ्या ताकदीने वापरली. पण त्यामुळे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाच्या कानाला सवय अशी लागली की ‘काऊन’ ऐकलं की हसायचं. गंभीर सिनेमा विदर्भावर झाला नाही असं नाही. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ 2009 चा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्याही नवऱ्याच्या मनात काही नाही ना, या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागे मागे पाठवते, त्याच्या आवडीचं रांधून घालते. फार चांगला सिनेमा. त्यात गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी होते, दोघेही पुण्याचे, दोघांनीही बोलीवर मेहनत घेतली होती. मी तो विषय काढला.

मामा : थो पाह्यला मी, टीव्हीवर. चांगला होता. पन बोलताना थे लोकं आधी मनात जुळवते अन् मंग बोलते. आमी जुळवत नाई.

भाची : मामाजी, हे सगळं तुमचं खरं. पण तुम्ही सांगून काय राहिले? बाप आपल्यासारखा आहे, कापूस आपल्यासारखा आहे, बोली आपल्यासारखी आहे. आपल्यासारखं आहे म्हणून चांगलं. मी म्हणते, आपल्यासारखं आहे म्हणूनच कायले पाहायचं? अडीचशे रुपये देऊन मी त्या स्टुलावर पुन्हा बसू?

मामा : तू कुठं बसते, थे पोरगी बसते.

भाची : तिला विचारलं, उंची किती. मला खुर्चीत बसल्या बसल्या पाय आखडून घ्यावे वाटले.

माझ्या मते मुद्दा इथे होता, आणि तो नवा नाही. 1980 साली राज्यसभेवर गेलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर टीका केली होती की ते परदेशात भारताची गरिबी दाखवतात. तेव्हा जाणकारांनी त्यांना भरपूर सुनावलं, कारण ज्या ‘मदर इंडिया’मुळे त्या ओळखल्या जात त्यातही कर्जात बुडालेलं शेतकरी कुटुंबच आहे. जाणकारांचं बरोबर होतं. पण नर्गिस यांची काळजी परदेशी प्रेक्षक काय म्हणेल याची होती. या भाचीला टोरांटोवाल्यांचं काही पडलेलं नव्हतं. तिचा प्रश्न असा की जिने ते रोज भोगलं तिने पुन्हा तिकीट का काढावं, आणि याला सिनेमाच्या अभ्यासकांजवळ धड उत्तर नाही. ‘आरसा’ वगैरे ते म्हणतात. आरशात आपण स्वतः जातो, ही गोष्ट ते विसरतात.

मामा : असं पाह्य, हे लोकं येते अन् पोतं फोडून हात घालते, मिरची मोडते, वास घेते, तसंच थे पाहुने...

भाची : ते नका सांगू मामाजी. ते सगळेच सांगतात. अन् ते चूक आहे. मिरचीवाल्याला शेवटी पैसे मिळतात. इथं माल पण आपला अन् पैसे पण आपणच द्यायचे.

बाकावरचा तिसरा माणूस या वेळी हसला नाही.

थोडा वेळ बोलणं दुसरीकडे गेलं. एक हमाल भाचीजवळ पट्टीची चौकशी करून गेला. जाता जाता त्याने ‘पुष्पा’चा दुसरा भाग मोबाइलवर तीन वेळा पाहिल्याचं सांगितलं. त्याचं सिनेमाचं मत यार्डात सगळ्यात स्पष्ट होतं : ज्यात पोतं उचलणारा माणूस मालक होते तो चांगला. मी त्याला विचारलं, मराठी पाहतोस का. म्हणाला, लागते कुठं?

तेही खरंच. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजूनही ‘सी.पी. बेरार’ या टेरिटरीत मोडतो. ज्या प्रांताची नागपूर राजधानी होती तो मध्य प्रांत-वऱ्हाड नकाशावरून केव्हाच गेला, 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वहीत जुनं नाव तसंच आहे. सिनेमाच्या बाबतीत हा मुलूख मनाने हिंदीकडे झुकलेला आहे, आणि मराठी सिनेमाला शो मिळाला तर दुपारी बाराचा किंवा रात्री उशिराचा मिळतो. दुपारी बाराला कळमन्यातला माणूस हर्रासात असतो. ‘छावा’ संभाजी महाराजांवरचा, मूळ शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, आणि भाषा हिंदी. त्याला सकाळी आठपासून शो होते. याचा राग नागपुरात कुणाला फारसा आलेला मी पाहिला नाही. मला थोडा आला, पण मी पण तो हिंदीतच पाहिला आणि टाळ्याही वाजवल्या.

भाची : तुम्हाला झुंड कसा वाटला होता? तो तर नागपूरचाच.

मामा : लांब. तीन तासाचा. अन् अमिताभ होता म्हनून लोकायनं पाह्यला. नसता तर कोन पाह्यलं असतं थ्या पोट्ट्यायले?

भाची : मला अमिताभ आठवत पण नाही त्यातला. पोट्टेच आठवतात.

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ 4 मार्च 2022 चा. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, ‘स्लम सॉकर’ उभी केली, त्यावर तो बेतलेला. पोरं बहुतेक नागपूरचीच घेतली, आणि त्यातल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. बोली नागपुरी हिंदी, ‘काय बे’वाली, जी इथल्या प्रत्येक चौकात चालते आणि जिला भाषा म्हणून कुणी गणत नाही. सिनेमा मध्यंतरापर्यंत सामन्याचा आहे, आणि नंतर कागदपत्रांचा. पासपोर्टसाठी पुरावे पाहिजेत. रिंकू राजगुरूने केलेल्या आदिवासी पोरीचा बाप तिला घेऊन दाखल्यासाठी दारोदार फिरतो. अनेकांना हा उत्तरार्ध कंटाळवाणा वाटला. मला तोच सिनेमा वाटतो. पण इथे माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

मामा : दाखल्याचं खरं होतं. तलाठ्याच्या दारात माहे चपला झिजल्या.

भाची : मग ते तर आपल्यासारखंच होतं. तुम्हाला लांब का वाटलं?

मामा : ...

भाची : मी सांगू? दाखला तुमचा अडकला होता म्हणून. जे आपलं अडकलं ते लांब वाटते. मला स्थळ लांब वाटला, तुम्हाला झुंड.

मामा : लय शिकली व तू.

हे तिने चांगलं पकडलं होतं. सिनेमा पाहून आलेला माणूस ‘लांब आहे’, ‘बोअर आहे’ म्हणतो तेव्हा तो मिनिटं मोजत नसतो. ‘झुंड’ आणि ‘छावा’ यांच्या लांबीत काही तासाभराचा फरक नाही.

मामा : पन मंग झुंड तुले आवडला कसा? थे पन गरिबाचंच.

भाची : त्यात पोरं पळतात. कोणी त्यांना बसवून विचारत नाही. स्थळमध्ये ती पोरगी बसलेलीच आहे. अन् खरं सांगू का मामाजी, मला टॉकीजमध्ये जायला का आवडते? एम्प्रेस मॉलमध्ये मी अन् मैत्रीण जातो. लाइट बंद होतात. मग तीन तास माझ्याकडे कोणी पाहत नाही. सगळे समोर पाहतात. मी कशी बसली, केस कसे आहेत, रंग कसा आहे, कोणाला काही पडलेलं नाही. छावा काय अन् दुसरा काय. अंधार पाहिजे मला, बस. अन् तिथंही पडद्यावर तेच, पोरगी बसलेली अन् सगळे पाहून राहिले. मग मी उठली.

यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. एम्प्रेस मॉलचा उल्लेख आला तेव्हा मला वाटलं ते काही जुनं सांगतील, कारण भाचीचे आजोबा त्या गिरणीत होते. जमशेटजी टाटांनी 1877 च्या 1 जानेवारीला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी सुरू केलेली ती गिरणी 2002 साली कायमची बंद झाली. आजोबा जिथे कपाशीच्या धाग्याशी पाळी करत होते तिथे नात पॉपकॉर्न घेऊन बसते. हे माझ्या मनातलं. मामांच्या मनात वेगळंच होतं.

मामा : मंडईत तुही माय बी असंच म्हने.

भाची : काय म्हणे?

मामा : मावशीच्या गावी, लाखांदूरकडं, मंडईले जायचो आमी. रात्री नाटक. तुही माय म्हने, मी नाई येत नाटकाले.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगितलं पाहिजे. दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या या रंगभूमीचं केंद्र वडसा-देसाईगंज. तिथल्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एका गावाला जाऊन रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत खेचतात, आणि शेतात मंडप टाकून हजारो माणसं तिकीट काढून बसतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पुण्या-मुंबईत नाटक चालत नाही म्हणून परिसंवाद होतात तेव्हा इथे जागा मिळत नाही म्हणून भांडणं होतात. आणि मंडईला सगळे सोयरे येतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, लग्नाचे पोरं-पोरी येतात. कितीतरी सोयरिकी मंडईत जुळतात.

भाची : माय सांगते मला. नाटकाला नेत होते अन् मागच्या रांगेत पोराकडचे बसलेले राहत होते. ती नाटक पाहत होती अन् ते तिला पाहत होते.

मामा : हव. स्टेजवरच्या लाइटाचा उजेड पडे ना तोंडावर.

भाची : मग? मामाजी, तिला नाटक कोणतं होतं ते पण आठवत नाही. पूर्ण रात्रभर बसली होती. कोणतं नाटक होतं, आठवत नाही!

तिचा आवाज चढला होता. पलीकडच्या ढेरावरच्या दोन बायांनी मान वर करून पाहिलं. त्या कुठल्याशा सातऱ्यावर मिरची खुडणाऱ्या असाव्यात, बोटं तशी होती. आज मालाबरोबर आल्या होत्या.

मामा : मागच्या रांगेत मी होतो.

भाची : कुठे?

मामा : तुह्या बापाकडच्या लोकायले घेऊन मीच बसलो होतो. मीच दाखोली तिले. थ्या पिवळ्या पातळवाली म्हनून. अन् नंतर घरी आले तवा उंची मीच सांगितली. दोन इंच वाढवून सांगितली.

भाची हसली. आधी हसली आणि मग हसायचं का हे तिला कळेना, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मामा : अन् तवापासून मी किती घरी गेलो पाहाले! गावातल्या पोट्ट्यायसाठी मलेच नेते. मले बोलता येते म्हनते. मीच विचारतो, शिक्षन किती, उंची किती, सैपाक येते का. चांगला विचारतो मी, हसून विचारतो, पोरीले दडपन नाई आलं पाहिजे असं. मले वाटे मी चांगला मानूस आहो. त्या सिनेमात एक मानूस असाच हसून विचारते. मी थेटरात पोराकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं. थो काई बोलला नाई. मले सिनेमा यासाठी आवडला, जमलं तर समज.

भाची : समजलं. तुम्ही विचारणारे आहात मामाजी. तुम्ही नेहमी पोरीकडे तोंड करून बसता. तुम्हाला तुमचं तोंड पहिल्यांदा दिसलं, म्हणून तुम्हाला तो नवीन वाटला. मला त्यात नवीन काय होतं? मी तुमचं तोंडच पाहत आली आतापर्यंत.

यावर मला जे वाटलं ते लिहितो, कारण लेख माझा आहे. ‘स्थळ’च्या सुरुवातीलाच एक उलटा प्रसंग आहे : पोरगा बसला आहे आणि बाया त्याला प्रश्न विचारतात. प्रेक्षक हसतो, आणि मग कळतं की ते सविताचं स्वप्न होतं. तो प्रसंग मुलींसाठी लिहिलेला नाही, त्यांना तो उलटा करून दाखवायची गरजच नाही. तो मामांसाठी लिहिलेला आहे. सिनेमाचं परीक्षण लिहिणाऱ्यांनी त्याला ‘स्त्रियांचा सिनेमा’ म्हटलं, लावणाऱ्यांनी महिला दिनाच्या मुहूर्तावर लावला, महिलांना चला म्हणून सांगितलं. माझ्या मते तिथे गफलत झाली. तो बैठकीतल्या सतरंजीवर बसून पोह्याची बशी हातात घेणाऱ्या पुरुषांचा सिनेमा आहे, आणि ते पुरुष त्या आठवड्यात ‘छावा’च्या रांगेत होते. मी पण होतो, वर सांगितलंच.

म्हणून ‘छावा’ वाईट असं नाही. भाचीला त्यात रडता आलं, तेही खोटं नव्हतं. पण मामांनी त्यावर जे म्हटलं ते कुण्या परीक्षणात मी वाचलं नाही.

मामा : थो औरंगजेब पडद्यावर आला का सारे शिव्या देते. देवा, द्यायलेच पाहिजे. 1689 ची गोष्ट, महाराजायले हाल करून मारलं. पन थेटरात बसलेल्या एकाले बी असं वाटत नाई का थो औरंगजेब मी आहो. सोपं आहे ना मंग. रडा, शिव्या द्या, पानीपुरी खा. स्थळमदी शिव्या कोनाले देता?

भाची : तुम्हाला.

मामा : मलेच.

तेवढ्यात पलीकडून बोलीचा आवाज जवळ आला. हर्रासाची मंडळी दोन ढेर सोडून होती. एकाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला होता, दुसरा फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, किती निघाली ते बोटांनी वेगळं करत होता. मामा उठले, दुपट्टा झटकला, आपल्या ढेरावरच्या चार पांढऱ्या पडलेल्या मिरच्या उचलून खिशात टाकल्या. सगळे शेतकरी करतात.

मामा : रविवारच्या पाहुन्यायले काय सांगू मंग? नको येऊ म्हनू?

भाची : येऊ द्या की. नाही कुठं म्हटलं? फक्त आधी त्यांना स्थळ दाखवा. पूर्ण, इंटरव्हलला उठायचं नाही. मग या म्हणा पोहे खायला.

मामा : पाच-सहा जनं येतीन व बाई. अडीचशेचं तिकीट. भाव हा असा. अन् थ्यायनं थे पैसे उद्या हुंड्यात धरून वजा केले पाहिजे ना!